घोड्यांच्या स्कॅनसाठी दिली जाणारी भूल

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या वेळी घोडा हलू नये म्हणून त्याला संपूर्ण भूल देतात. माणूस किंवा कुत्र्या-मांजरांच्या तुलनेत घोड्याला ही भूल कितीतरी अधिक धोक्याची असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पोटशूळाचे रुग्ण वगळूनही, भूल दिलेले सुमारे ०.९ टक्के घोडे सात दिवसांत दगावले होते. २०२१ च्या पाहणीत हे प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले. स्कॅनला येणारा घोडा बहुधा नुसता लंगडत असतो, बाकी धडधाकट असतो. त्यामुळे हा आकडा लहान म्हणून सोडून देता येत नाही.

मूळ अडचण वजनाची. ५०० किलोचा घोडा आडवा झाला की पोटातल्या अवयवांचा भार छातीकडे सरकतो, खालचे फुप्फुस दबते आणि रक्तातला ऑक्सिजन घटतो. आयसोफ्लुरेनसारख्या भुलीच्या औषधांनी रक्तदाबही उतरतो. सरासरी रक्तदाब बराच वेळ ७० मिमी पाऱ्याच्या खाली राहिला, तर दबलेल्या स्नायूंना रक्त पुरत नाही आणि ते सुजून कडक होतात. म्हणून जाड गादी घालतात, खालचा पुढचा पाय पुढे ओढून ठेवतात, गरजेनुसार रक्तदाब वाढवणारे डोब्युटामिन देतात. तोंडावरचे मोहरकेही काढतात. त्याची कडी गालात रुतली तर चेहऱ्याची नस दुखावून ओठ लोंबू शकतो. एमआरआयच्या खोलीत लोखंडी उपकरण चालत नाही, त्यामुळे ही सगळी देखरेख आणखी अवघड होते.

खरी कसोटी मात्र स्कॅन आटोपल्यावर लागते. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी. अर्धवट शुद्धीतच तो उठू पाहतो, पाय लटपटतात आणि हाड मोडते. मोठ्या घोड्याचे लांब हाड मोडले तर बहुतेकदा त्याला दयामरणच द्यावे लागते. यासाठी गादीच्या भिंतींची अंधारी खोली, उठताना आधार म्हणून डोक्याला आणि शेपटीला दोर, आणि तो घाईने उठू नये म्हणून झायलाझिन या गुंगीच्या औषधाची हलकी मात्रा. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. आडवे पडून नाक सुजले असेल, तर भुलीसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी लवकर काढणे जिवावर बेतू शकते.

उभ्या घोड्याला डेटोमिडिनसारख्या औषधाने गुंगी देऊन पायाचा एमआरआय किंवा डोक्याचा सीटी काढता येतो. तेवढ्यावर निदान होत असेल, तर संपूर्ण भूल टाळावी. पण खुरापासून जसजसे वर जावे तसे घोड्याचे डुलणे वाढते आणि चित्र पुसट येते. शिवाय उभ्याने वापरायच्या एमआरआय यंत्राचे चुंबक कमी ताकदीचे असते. कूर्चेतला बारीक दोष शोधायचा असेल, तर अजूनही घोड्याला आडवे करावे लागते.