हरण्या (केळीवरील विषाणुरोग)

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तापीकाठच्या तालुक्यांत केळीच्या ज्या विषाणुरोगाला शेतकरी ‘हरण्या’ म्हणतात, तो काकडी मोझॅक विषाणूमुळे (कुकुंबर मोझॅक व्हायरस) होतो. ‘सीएमव्ही’ हे संक्षिप्त रूपही आता बांधावरच्या बोलण्यात रुळले आहे. पानांवर शिरांना समांतर तुटक पिवळे पट्टे पडतात, पाने अरुंद व कडेला वेडीवाकडी होतात, झाड खुजे राहते. रोग बळावल्यास पोगा (झाडाच्या मध्यभागी गुंडाळलेले, न उलगडलेले कोवळे पान) कुजतो आणि घड पडत नाही किंवा पडला तरी विकण्याजोगा नसतो. सततचा पाऊस आणि ढगाळ, थंडावलेली हवा असली की लक्षणे ठळक होतात. उष्णता वाढली की ती दबतात, पण विषाणू झाडातच राहतो.

इतिहास : या विषाणूचे पहिले वर्णन १९१६ मध्ये अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर यांनी स्वतंत्रपणे केले, तेही काकडीवरील रोगाच्या संदर्भात, नावातली काकडी तेव्हापासूनची. केळीवरील रोग ऑस्ट्रेलियात मॅगी यांनी १९३० च्या सुमारास नोंदवला आणि १९४० मध्ये त्याचा काकडीच्या विषाणूशी संबंध दाखवला. तोवर पोगासड हा निराळाच रोग समजला जाई. सडण्यात पुढे जिवाणूंचा वाटा असतो हे खरे, तथापि सुरुवात विषाणूपासून होते हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. भारतातील पहिली नोंद सामान्यतः कामत व पटेल यांची, १९५१ ची मानतात. ती तत्कालीन मुंबई राज्यातील आहे; खानदेशही त्याच राज्यात होता. नोंद झाली म्हणजे रोग त्याच वर्षी आला असे नव्हे, तो त्याआधीपासून असावा. अलीकडे २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात त्याचा मोठा प्रादुर्भाव झाला.

संरचना : विषाणुकण सुमारे २९ नॅनोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल असतो. कवच एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या १८० प्रतींचे बनते व प्रत्येक प्रतीत २१८ अमिनो आम्ले असतात. हे कवच वीस त्रिकोणी फलकांच्या घनाकृतीचे असते आणि अशा आकृतीत तंतोतंत सारख्या जागा फक्त ६० मिळतात. मग १८० प्रती बसतात कशा, हा विषाणूंच्या संरचनेच्या अभ्यासातला मूळ प्रश्न होता. कॅस्पर व क्लुग यांनी १९६२ मध्ये त्याचे उत्तर मांडले. त्यानुसार प्रती किंचित वेगळ्या अशा तीन परिस्थितींत बसतात. त्यांचे पाच-पाचांचे १२ आणि सहा-सहांचे २० गुच्छ होतात. काकडी मोझॅक विषाणूत हे गुच्छ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फिंच, क्लुग आणि व्हॅन रेगेनमॉर्टेल यांनी १९६७ मध्ये दाखवले. क्लुग यांनी विषाणूंचा अभ्यास लंडनमध्ये रोझालिंड फ्रँकलिन यांच्यासोबत तंबाखू मोझॅक विषाणूपासून सुरू केला होता; १९८२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अणुपातळीवरची रचना मात्र २००० मध्ये हाती आली. थॉमस स्मिथ, कीथ पेरी आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने ती ३.२ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) सूक्ष्मतेने निश्चित केली. सहांच्या गुच्छाच्या आतल्या बाजूस प्रथिनांची सहा टोके मळसूत्रासारखी वळून एकमेकांना बिलगून असतात. चवळीवरील याच कुळातला एक विषाणू कॅल्शियम काढून घेतल्यास व आम्लता घटल्यास फुगतो. काकडी मोझॅक विषाणू फुगत नाही. त्याचे कण मुख्यतः प्रथिन आणि आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) यांच्यातील विद्युत्-आकर्षणावर टिकतात, त्यामुळे तीव्र क्षारद्रावणात मोडतात. आरएनएचे तीन तुकडे वेगवेगळ्या कणांत बांधलेले असतात, म्हणून लागण होण्यास तिन्ही प्रकारचे कण झाडात पोहोचावे लागतात.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग कवचाबाहेर डोकावणारे आठ अमिनो आम्लांचे एक छोटे वळण हा होय. त्यातील काही आम्लधर्मी घटक बदलले, तरी विषाणू झाडात वाढतो. मावा (रोग पसरवणारी, रस शोषणारी बारीक कीड) मात्र तो नीट वाहून नेत नाही. माव्याच्या सोंडेवर विषाणू टिकून राहण्याशी या वळणाचा संबंध असावा, असे त्यावरून मानले जाते.

प्रसार व उगमाचा वाद : मावा रोगट झाडात सोंड खुपसतो तेव्हा काही सेकंदांतच विषाणू सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडात काही मिनिटांत उतरतो. कीटकनाशकाने मावा मरण्याआधीच काम झालेले असते. नुसत्या फवारणीचा खर्च वाया जातो तो यामुळे. ऐंशीहून अधिक जातींचे मावे हा विषाणू वाहतात. त्यांतला कपाशीवरचा मावा खानदेशात वेगळा सांगायला नको.

रोगाचे खापर अनेकदा ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांवर फोडले जाते. मातृझाडात विषाणू असल्यास तो रोपांत उतरू शकतो, हे नाकारता येत नाही. रोपांची विषाणू-चाचणी व प्रमाणीकरण त्यासाठीच आहे. परंतु कपाशी, काकडीवर्गीय पिके आणि तणांवर वाढणारे मावे केळीवर वस्ती करत नाहीत. उडत येऊन सोंड लावून पाहतात आणि पुढे जातात. पानावर मावा सापडला नाही म्हणून ‘रोपच खराब आले’ असा निष्कर्ष काढला जातो, तो नेहमीच बरोबर ठरतो असे नाही. केळीवर वस्ती करणारा काळपट मावा मुख्यतः पर्णगुच्छ या निराळ्या रोगाचा वाहक म्हणून ओळखला जातो; त्या रोगाचा विषाणू डीएनएचा आहे.

नियंत्रण : औषध नाही. रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून बागेबाहेर जाळणे किंवा पुरणे हाच मुख्य उपाय. त्यात चालढकल झाल्यास आसपासची झाडे लागतात. बागेत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, चवळी यांची आंतरपिके घेऊ नयेत. बांधावरचा केना काढावा, कारण तो विषाणू वर्षभर साठवून ठेवतो. मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेचे) कोवळे वय पावसाळी हवेत जाते, म्हणून तिच्यावर पहिले काही महिने अधिक लक्ष ठेवावे लागते. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागातही केळीची लागवड असल्याने हीच खबरदारी लागू पडते.