'गुडघे बाहेर' ही एक्स्टर्नल क्यू नाहीये

जिममध्ये नवीन ट्रेनर पोरं आली की मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो. क्लायंट स्क्वॉट मारतोय, वर येताना गुडघे आत पडतायत, तू ओरडलास "गुडघे बाहेर!", तर ही इंटर्नल क्यू का एक्स्टर्नल? (क्यू म्हणजे व्यायाम करताना दिलेली छोटी सूचना.) बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात एक्स्टर्नल, कारण काय तर वाक्यात 'बाहेर' आहे. आणि एखादा म्हणतो सर, क्यू मी दिली म्हणजे बाहेरूनच आली ना, मग एक्स्टर्नलच की. दोन्ही चूक. मीपण पहिली दोन-तीन वर्षं असंच समजत होतो त्यामुळे हसायचा हक्क मला नाही.

साधा फरक आहे. सूचना ऐकल्यावर समोरच्याचं लक्ष स्वतःच्या शरीराकडे गेलं, म्हणजे गुडघा, छाती, खांदा, अमुक मसल, तर ती इंटर्नल. लक्ष शरीराबाहेरच्या वस्तूकडे किंवा हालचालीच्या परिणामाकडे गेलं, म्हणजे बार, जमीन, भिंत, बँड, तर ती एक्स्टर्नल. कोण बोललं, कुठून बोललं याचा काही संबंध नाही. "गुडघे बाहेर" म्हटल्यावर माणूस गुडघ्याचाच विचार करतो, म्हणून ती इंटर्नल. त्याच गुडघ्यांभोवती मिनी बँड म्हणजे छोटा रबरी पट्टा घालून "बँड ताणून धर" म्हटलं की एक्स्टर्नल झाली, गुडघे तेवढेच बाहेर जातात पण डोक्यात बँड असतो.

इथे एक बारीक भानगड आहे. मी बऱ्याचदा म्हणतो "पायाखाली पेपर अंथरलाय, दोन्ही पायांनी तो मधोमध फाड". यात 'पाय' शब्द आला म्हणून एकजण मला म्हणाला सर ही तर इंटर्नल झाली. नाही बाबा, शब्द मोजू नकोस, लक्ष कुठे जातंय ते बघ. फाटायचाय तो पेपर.

आता याचा एवढा काथ्याकूट कशाला, तर काकूंचा किस्सा सांगतो. साठीच्या जवळ आलेल्या, पाठीची तक्रार, डॉक्टरांनी ताकद वाढवायला सांगितलेलं, आणि मला त्यांना डेडलिफ्टच्या (जमिनीवरचा बार उचलायचा व्यायाम) आधीचा हिप हिंज शिकवायचा होता म्हणजे गुडघे फार न वाकवता कंबरेखालून मागे जाणं. मी सुरू झालो. काकू छाती वर ठेवा, खांदे मागे, पोट आत, पाठ सरळ, गुडघे थोडेसे सैल, आता हिप्स मागे. काकूंनी सगळं एकदम करायचा प्रयत्न केला आणि सातवी-आठवीत पीटीच्या तासाला सावधानमध्ये उभं राहतात तशा ताठ झाल्या, श्वास रोखलेला, आणि मग वाकल्या त्या पाठीतूनच. चार वेळा तेच. शेवटी वैतागून मी म्हटलं, काकू दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या आहेत आणि मागे फ्रिजचं दार उघडं राहिलंय, कसं लावाल? काकूंनी एक सेकंद न घालवता बूड मागे टाकून दार लावलं. परफेक्ट हिंज! पाठ सरळ, गुडघे सैल, वजन टाचेवर, मी ज्या सहा गोष्टी घोकत होतो त्या सगळ्या आपोआप. वर म्हणाल्या, "हे आधी सांगायचं ना."

तर हा फरक प्रयोगातही दिसलाय. मोटर लर्निंगमधल्या, म्हणजे माणूस हालचाली कशा शिकतो याच्या अभ्यासातल्या, संशोधक गाब्रिएले वुल्फ यांनी सहकाऱ्यांबरोबर 1998 साली एक अभ्यास छापला, त्यात लोकांना स्की सिम्युलेटरवर शिकवलं. हे म्हणजे वाकड्या रुळांवर डावी-उजवीकडे सरकणारा प्लॅटफॉर्म. एका गटाला सांगितलं बाहेरच्या पायावर लक्ष दे, दुसऱ्याला सांगितलं पायाखालच्या चाकांवर लक्ष दे. पाय आणि चाकं यांच्यात अंतर किती तर काहीच नाही, चाकं बरोबर पायाखालीच. तरी चाकांवर लक्ष देणारे चांगलं शिकले. नंतर उभ्या जागेवरून लांब उडी, तोल सांभाळणं अशा बऱ्याच गोष्टींवर हे तपासलं गेलं. उडीत "गुडघे जोरात सरळ कर" पेक्षा "रेषेपासून होता होईल तेवढं लांब जा" म्हटल्यावर माणसं लांब उडतात.

का होतं असं? वुल्फ आणि मंडळींचं म्हणणं असं की आपण एखाद्या अवयवावर मुद्दाम ताबा मिळवायला गेलो की जे काम शरीर स्वतःहून करतं त्यात आपणच लुडबुड करतो, हालचाल आखडते. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, मनगट किती वळवता? तिला सांगता येणार नाही, तिचं लक्ष भाकरीच्या कडेवर असतं, कड जाड राहिली की हात आपोआप तिकडे जातो. आणि तिला सांगून बघा की आता मनगटाकडे लक्ष देऊन थापा. भाकरीचा नकाशा होईल!

पण म्हणून इंटर्नल क्यू म्हणजे अडाणीपणा, असं जे आता काही ट्रेनर लोक रील्समध्ये सांगत सुटलेत तेही मला पटत नाही. काम काय आहे त्यावर आहे. मसलची साइज वाढवायची असेल तर इंटर्नल उपयोगी पडू शकते. व्यायामावरचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांचा 2018 चा अभ्यास आहे, पूर्वी ट्रेनिंग न केलेली तरुण मुलं, आठ आठवडे बायसेप कर्ल आणि लेग एक्स्टेंशन, एका गटाला "मसल आवळ" आणि दुसऱ्याला "वजन वर ने". बायसेपची जाडी पहिल्या गटात 12.4 टक्के वाढली, दुसऱ्यात 6.9. मांडीच्या पुढच्या मसलमध्ये मात्र तसा फरक आला नाही. आणखी एक म्हणजे वजन जड झालं की हा 'मसल फील कर' प्रकार गळून पडतो. बेंच प्रेसवर (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं) 2016 मध्ये तपासलं तेव्हा कमाल वजनाच्या 60 टक्क्यांपर्यंत लोकांना ठरवून छातीचं किंवा ट्रायसेपचं (दंडाच्या मागच्या मसलचं) काम वाढवता आलं, 80 टक्क्यांवर नाही. तिथे माणूस फक्त बार वर कसा जाईल हेच बघतो आणि बघायलाच पाहिजे. फिजिओकडेही, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा मसल साथच देत नसेल तर आधी त्या मसलवर लक्ष नेऊन त्याला जागं करावं लागतं, तिथे फ्रिजच्या दाराचा काय उपयोग.

माझी स्वतःची पद्धत आता अशी झालीये की सेट संपल्यावर, माणूस बसून पाणी पितोय तेव्हा शरीराबद्दल हवं तेवढं बोलतो, व्हिडिओ दाखवतो, बघ इथे तुझी पाठ गोल होतेय. पण बारला हात लावायच्या आधीचं शेवटचं वाक्य एकच आणि एक्स्टर्नल. डेडलिफ्टला "जमीन खाली ढकल". बेंचला "बार छताला भिडव". पुशअपला "फरशी लांब लोट". आणि सेट चालू असताना तोंड बंद, हे सगळ्यात अवघड, कारण क्लायंटला वाटतं सर बोलत नाहीत म्हणजे लक्ष नाही, पैसे कशाचे घेतायत.

स्वतःला तपासायचं असेल तर एक सेशन फोनवर रेकॉर्ड करा, फक्त आवाज. मी केलं होतं. पाऊण तासात नुसता "छाती" हा शब्द मी इतक्यांदा बोललो होतो की बायकोने शेजारच्या खोलीतून विचारलं काय ऐकतोयस.

एक्स्टर्नल क्यू फसतेसुद्धा, कारण ती समोरच्याच्या जगातली असावी लागते. पाठ गोल होऊ नये म्हणून ट्रेनर लोकांची आवडती क्यू आहे, टीशर्टवरचं नाव आरशात दिसू दे. मी पण फेकली एकदा. समोरची ताई साध्या कुर्त्यात आलेली, बार हातात धरून तशीच वाकलेली राहिली आणि आरशात आपल्या पोटाकडे बघत म्हणाली, "सर, नाव कुठाय?"