पारा सात अंशांवर, मग वेण्णाकाठी बर्फ कसा?

दर हिवाळ्यात साताऱ्याच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. महाबळेश्वरात वेण्णा लेक ते लिंगमळा पट्ट्यात दवबिंदू गोठले, हिमकण जमा झाले. सोबत गाडीच्या टपावरचा पापुद्रा नखांनी खरवडणाऱ्या पर्यटकांचा फोटो आणि ‘मिनी काश्मीर’ हा शब्द. त्याच पानावर किमान तापमान सहा-सात अंश छापलेलं असतं. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेतल्या पोरांनाही पाठ, त्यामुळे कुणी वेधशाळेच्या यंत्राला नावं ठेवतं, कुणी फोटोलाच खोटा म्हणतं.

आकडाही खरा असतो आणि बर्फही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे कळायला मात्र युरोपातल्या शहाण्यासुरत्या लोकांचं जवळजवळ शतक गेलं.

आधी आकड्याचं बघू. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर टांगलेला असतो. ही पेटी 1860 च्या दशकात स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने सुचवली. ऊन, पाऊस आणि उघडं आकाश यांपासून तापमापक झाकलेला राहावा, फक्त हवेचं तापमान कळावं, एवढाच तिचा हेतू. म्हणजे पेपरातले सात अंश हे त्या उंचीवरच्या हवेचे. गवताच्या पात्याला त्या रात्री किती थंडी वाजली, याबद्दल पेटी काहीच सांगत नाही.

दव वरून पडतं की जमिनीतून वर येतं, हा अठराव्या शतकातला गंभीर वाद होता. 1730 च्या दशकात फ्रान्समध्ये द्यू फे या शास्त्रज्ञाने शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर काचेची तावदानं ठेवून पाहिली, तर खालची आधी भिजली. त्यावरून दव खालून येतं असं त्याचं मत झालं. त्याच्या आणखी एका निरीक्षणाचं महत्त्व लोकांना पुढे कळलं: काचेवर दव भरपूर साचतं, चकचकीत धातूवर जवळपास नाहीच.

मग 1761 च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅक या वैद्यकाच्या प्राध्यापकाने बर्फाचा हिशेब मांडला. दोन सारखे पातळ काचेचे चंबू घेतले, एकात बर्फाइतकं गार पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. दोन्ही एकाच मोठ्या दालनात टांगले. पाणी अर्ध्या तासात सात अंश फॅरनहाइटने चढलं. बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. इतका वेळ त्यात उष्णता शिरतच होती, पण वितळणं संपेपर्यंत तापमापक जागचा हलला नाही. ती गेली कुठे? नुसत्या वितळण्यात. यालाच आपल्या पुस्तकांत अप्रकट उष्मा म्हणतात. ब्लॅकच्या हिशेबाने तेवढ्या उष्णतेत तेच पाणी सुमारे 140 अंश फॅरनहाइटने तापलं असतं, म्हणजे 78 अंश सेल्सिअसने. आजचा आकडा 80 च्या जवळ आहे. एवढ्याशा साहित्यावर माणूस इतका जवळ पोहोचला, याचं मला अजून नवल वाटतं.

हा व्यवहार उलटाही तसाच चालतो. ग्रॅमभर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. ग्रॅमभर वाफेचं दव होताना अशा सुमारे 600 कॅलरी बाहेर पडतात आणि ते दव गोठताना आणखी 80. आता खरा पेच येतो. वेण्णाकाठच्या पात्यावर दव धरलं आणि गोठलं, तर ही सगळी उष्णता पात्याने कुणाला दिली? भोवतालची हवा तर पात्याहून गरम आहे. थंड वस्तू गरम वस्तूला आपण होऊन उष्णता देत नाही.

या पेचाची एक वाट हिंदुस्थानातून गेली. 1775 मध्ये सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडची बर्फ करण्याची देशी रीत लिहून कळवली. मोकळ्या मैदानात हात-दीड हात खोल खड्डे, तळाला वाळलेला ऊस किंवा मक्याची ताटं वीतभर जाडीची, त्यावर उथळ मातीची परळं आणि त्यांत उकळून गार केलेलं पाणी. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला तर पहाटे परळांत बर्फाची खापरी. हे करणाऱ्यांची नावं अर्थातच त्या कागदात नाहीत. साहेबांना वाटलं, माठातलं पाणी पाझरून गार होतं तसंच हे, बाष्पीभवनाने.

तसं नव्हतं. हे उलगडलं लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने, 1814 साली दवावर लिहिलेल्या निबंधात. त्याचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता. बाष्पीभवनाने बर्फ होत असता, तर वाऱ्याने आणि ओल्या ताटांनी मदतच झाली असती. प्रत्यक्षात वारा सुटला की बर्फ होत नाही, आणि ताटं ओली झाली तर बदलावी लागतात. ती हवीत ती खालच्या जमिनीची ऊब अडवायला. परळातलं पाणी आपली उष्णता सरळ वर, उघड्या आकाशाकडे प्रारणाने, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात, टाकत असतं.

वेल्स रात्र-रात्र बागेत लोकरीचे पुंजके तोलत बसायचा. फळीच्या वरच्या अंगाला एक पुंजका, खालच्या अंगाला दुसरा. आकाश दिसणाऱ्या वरच्या पुंजक्यात दव कितीतरी जास्त. निरभ्र, शांत रात्री गवतावरचा तापमापक चार फुटांवरच्या हवेपेक्षा 14 अंश फॅरनहाइटने उतरलेला त्याला सापडला. म्हणजे जवळपास पावणेआठ अंश सेल्सिअस. महाबळेश्वरच्या सात अंशांतून ते वजा करा, पातं शून्याखाली गेलं. चकचकीत धातू प्रारण फार कमी करतो, म्हणून द्यू फेचा धातू कोरडा राहिला. रंग दिलेला गाडीचा टप मात्र भरपूर करतो, त्यामुळे पर्यटकांना खरवडायला तिथेच जास्त मिळतं.

वेण्णाच का, याचं उत्तर जमिनीच्या उतारात आहे. 1842 मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलेला हा तलाव गावाच्या खालच्या अंगाला, सखलात आहे. रात्री उतारावर गार झालेली हवा जड होऊन खाली सरकते आणि तिथे साठून राहते. विल्सन पॉइंट 1,400 मीटरच्याही वर, तरी बर्फाची बातमी येते ती खालच्या तळ्याची. ढग आले की तेच जमिनीकडे उष्णता परत धाडतात आणि सगळं बारगळतं.

बातमीत ‘दवबिंदू गोठले’ असं एकच वाक्य असतं, पण हिमकण दोन वाटांनी होतात. एकतर दव आधी द्रव होऊन मग गोठतं. त्याचे दाणे गोल आणि काचेसारखे दिसतात. हवा फार कोरडी असली तर वाफ पाणी न होताच थेट बर्फ होते आणि पांढरी, पिसासारखी नक्षी उमटते. शिवाय पाणी बरोब्बर शून्याला गोठतंच असं नाही. ते शून्याखाली उतरूनही द्रव राहू शकतं, हे फॅरनहाइटनेच 1720 च्या दशकात नोंदवलं. पानांवरचे काही जीवाणू ही गोठण लवकर सुरू करून देतात, हे तर 1970 च्या दशकात कळलं.

स्ट्रॉबेरीवाल्यांसाठी ही गंमत नाही. पानाच्या पेशींतलं पाणी गोठलं की ऊन आल्यावर पान काळं पडतं, फुलोरा जातो. रोपांवर आच्छादन टाकलं की पान आणि आकाश यांच्यात आडोसा येतो. बागवान रोपांवर चटई टाकतात ते पाहून आपण पूर्वी हसायचो, असं वेल्सने लिहून ठेवलंय. मग त्याने गवतावर काही इंचांवर रुमाल ताणला आणि त्याखालचं गवत उघड्या गवतापेक्षा ऊबदार निघालं. परदेशात काही बागांवर रात्रभर तुषार चालू ठेवतात. तिथे राखण करतात त्या ब्लॅकच्या 80 कॅलरी: पानावर पाणी गोठत राहतं तोवर पान शून्याच्या आसपासच टिकतं. तुषार मध्येच बंद पडले तर मात्र ओलं पान उघड्या पानापेक्षा वाईट मरतं.

हवामान खातं गवतालगतचं किमान तापमानही मोजतं. पेपरांनी थंडीच्या दिवसांत पेटीतल्या आकड्याशेजारी तोही छापावा. लिंगमळ्यात रात्री आच्छादन टाकायचं की नाही, हे शेतकऱ्याला त्या दुसऱ्या आकड्यावरून ठरवता येईल.