तहान नाही लागली म्हणजे पाणी पुरेसं आहे असं नाही

मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ च्या आसपास गेला, लू सुटली, की तिथल्या लश्कर भागातल्या आपल्या घराघरांत आजोबांच्या मागे एकच धोशा असतो, पाणी प्यायलात का, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, अरे तहानच नाही लागली. या उत्तराची मला खरंच काळजी वाटते. किडनी पाणी वाचवू शकते पण तयार नाही करू शकत, ते बाहेरूनच यायला हवं.

वाचवते मात्र जबरदस्त. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि लघवी होते दीडेक लिटर, बाकी सगळं परत रक्तात. यातलं बरंचसं पाणी किडनीतल्या सुरुवातीच्या बारीक नळ्यांमध्येच परत शोषलं जातं, किती पाणी राखायचं याचा खरा निर्णय होतो तो अगदी शेवटच्या नळीत.

घाम गेला की रक्त थोडं खारट होतं, एक-दोन टक्के फरक पडला तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तो कळतो, मग एकीकडे तहान लागते आणि दुसरीकडे पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचं हार्मोन रक्तात सुटतं. ते किडनीत पोचलं की शेवटच्या नळीच्या पेशी आत साठवून ठेवलेले ॲक्वापोरिन नावाचे प्रोटीनचे बारीक मार्ग पृष्ठभागावर आणून बसवतात, त्यातून पाण्याचे रेणू एकामागे एक रांगेने जातात, मीठ जात नाही. किडनीचा आतला भाग खूप खारट असतो, तो पाणी ओढून घेतो आणि लघवी घट्ट, गडद पिवळी होते. पाणी प्यायलात की एडीएच कमी, मार्ग परत आत. (ॲक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.) दारू हेच एडीएच दाबते, म्हणून उन्हातून आल्यावर थंड बिअर नकोच.

पण या बचतीला मर्यादा आहे. युरिया हा शरीरातला कचरा आणि जादा क्षार बाहेर टाकायला पाणी लागतंच, माणसाची लघवी रक्ताच्या फार तर चौपट घट्ट होऊ शकते, त्यामुळे पाण्याचा थेंब नाही घेतला तरी दिवसाला अर्धा लिटरभर जातंच, घाम वेगळा. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते आणि किडनीची पाणी राखायची ताकदही घटते, दोन्ही एकदमच. म्हणून आजोबांना तहान लागली का हे विचारूच नका, घड्याळ बघून पाणी, ताक, पन्हं हातात द्या.

आणि उलटंही करू नका, एका बैठकीत तीन-चार लिटर साधं पाणी ढोसायचं वगैरे. किडनी तासाला साधारण लिटरभरच जादा पाणी बाहेर टाकू शकते, त्याहून जास्त झालं तर रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) नॉर्मलच्या खाली, म्हणजे लिटरला १३५ मिलीमोलच्या खाली उतरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो. घामातून मीठही जातं, म्हणून खूप घाम गेला असेल तर ताकात, पन्ह्यात मीठ हवंच, फक्त बीपी, हार्ट किंवा किडनीचं औषध चालू असेल तर मीठ आणि पाणी दोन्हीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.