वृषध्वज ते नंदीध्वज : सोलापूरच्या काठ्यांमागची परंपरा

मकर संक्रांतीच्या यात्रेत सोलापुरात सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ती उंच, जड काठी तोलत चालतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर उठतो. बाहेरगावचा पाहुणा त्याला देवाचा झेंडा समजतो. तेवढ्यावर थांबलं तर यात्रेतला मुख्य विधी, म्हणजे या काठीचं लग्न, कळतच नाही.

संस्कृतात पताका म्हणजे कापड. ध्वज म्हणजे काठी आणि तिच्यावरचं चिन्ह, ज्यावरून कोण आलंय ते लांबूनच ओळखायचं. रथावरच्या वानरामुळे अर्जुन कपिध्वज झाला. विष्णू गरुडध्वज, मदन मकरध्वज. विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस या यवन, म्हणजे ग्रीक, दूताने इसवी सनापूर्वी २ऱ्या शतकात दगडी खांब उभारला. त्यावरच्या लेखात त्या खांबालाच गरुडध्वज म्हटलंय.

अमरकोशात शिवाच्या नावांमध्ये ‘वृषध्वज’ येतं. त्यामागची कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. दूध पिणाऱ्या वासराच्या तोंडचा फेस महादेवाच्या मस्तकावर पडला. तो रागावला आणि त्याच्या नजरेच्या तेजाने गाईंचे रंग पालटले. दक्षाने समजूत घातली, की हे उष्टं नव्हे, अमृतच. आणि एक वृषभ दिला. महादेवाने त्याला वाहन केलं आणि ध्वजही केलं. या बैलाला तिथे नंदी म्हटलेलं नाही. पुराणांतला नंदी हा शिलाद ऋषींचा मुलगा, शिवगणांचा प्रमुख. मूर्तींमध्ये तो माणसाच्या रूपातही दिसतो. बैल आणि हा नंदी पुढे एकरूप झाले. ‘नंदीध्वज’ या नावात ती एकरूपता गृहीतच धरलेली आहे.

सोलापूरने त्यात आपली भर घातली, आणि मला ती फार मोलाची वाटते. १२व्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या नाममुद्रेने कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, रचत. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. आख्यायिका अशी, की एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. योगी लग्न कसं करणार? त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाची परवानगी दिली. नंदीध्वज हे त्याच योगदंडाचं प्रतीक.

ज्याचा ध्वज, त्याचीच ती उपस्थिती, हा जुना अर्थ इथे उपयोगी पडतो. त्यामुळेच काठीला नवरदेवाचा मान मिळतो, बाशिंग बांधलं जातं. लग्नाच्या आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर लग्नाची संमती वाचली जाते आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हणताना अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम असतो. त्यासाठी बाजरीच्या पेंढीला साडीचोळी नेसवून कुंभारकन्येचं रूप देतात. पुढे शोभेचं दारूकाम होतं आणि कप्पडकळी या शेवटच्या विधीत नंदीध्वजांचा साज उतरवला जातो.