दर्शनांमधील वाद : सत्य आणि मोक्षज्ञान

सत्य काय आणि ते खरोखर कोणाला कळले, या दोन प्रश्नांवर भिन्न दर्शनांत होणारा वाद सहसा निकालात निघत नाही. पक्षकार हट्टी असतात म्हणून तो अडतो, असे वरवर पाहता वाटते. हट्टाचा वाटा असतोच, पण मूळ अडचण वेगळी आहे. वाद मिटायचा तर पुरावा कशाला म्हणायचे, दृष्टांत कोणता चालेल आणि निर्णय कोणी द्यायचा, एवढे तरी उभय पक्षांना आधीपासून मान्य असावे लागते. दर्शनांच्या वादात नेमक्या याच गोष्टी वादग्रस्त असतात. विषय मोक्षाचा किंवा बोधीचा असेल तर आणखी एक पेच पडतो. ‘तुम्हाला तो अनुभव नाही, तेव्हा तुमचा आक्षेपच गैरलागू’ असे एक पक्ष म्हणू शकतो आणि त्याला उत्तर देण्याचा मार्ग दुसऱ्या पक्षाकडे उरत नाही.

वादाचे नियम

भारतीय परंपरेने ही अडचण फार लवकर ओळखली होती. न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे, म्हणजे ‘कथे’चे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी प्रमाण (ज्ञानाचे साधन) व तर्क यांच्या आधारे होणारा तो वाद. जिंकण्यासाठी छल (शब्दाचा अर्थ फिरवणे), जाती (फसवे आक्षेप) वगैरे वापरून होणारा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा. पराभव कधी झाला हे ठरवण्यासाठी २२ निग्रहस्थानेही मोजून दिली आहेत. खरा वाद गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि मत्सर नसलेला श्रेयार्थी यांच्याशीच करावा, असे सूत्रकार सांगतो. मग जल्प आणि वितंडा कशाला? तर कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी. म्हणजे परमताच्या माणसाशी गाठ पडली की शुद्ध वाद होईलच, अशी न्यायदर्शनाची फारशी अपेक्षा नव्हती. ज्या सोळा पदार्थांच्या, म्हणजे विषयांच्या, ज्ञानाने निःश्रेयस (परमकल्याण) मिळते म्हणून पहिले सूत्र सांगते, त्यांत छलाचाही समावेश आहे, ही गोष्ट सहसा कोणी मुद्दाम दाखवून देत नाही.

चरकसंहिता या वैद्यकग्रंथातील विमानस्थान हा विभाग याहून व्यवहारी आहे. तेथे चर्चेचे संधाय संभाषा, म्हणजे मैत्रीची, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे विरोधाची, असे दोन भेद आहेत. त्यापुढे सभेचाही विचार केला आहे. सभा जाणत्यांची की अडाण्यांची, आपल्या बाजूची, उदासीन की आधीच विरोधात गेलेली, हे पाहून मगच बोलावे आणि विरोधात गेलेल्या सभेपुढे वाद घालूच नये, असा स्पष्ट सल्ला आहे. युक्तिवादाचे बळ ऐकणाऱ्यावरही अवलंबून असते, हे वैद्यांनी तार्किकांपेक्षा मोकळेपणाने मान्य केलेले दिसते. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला आधीच विचारून घेतो की चर्चा पंडितांच्या रीतीने करायची की राजांच्या. पंडित चूक दाखवल्यावर रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतात.

प्रमाणांवरील मतभेद

नियम ठरले तरी पुराव्याचा प्रश्न सुटत नाही. चार्वाक प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानतात. बौद्ध त्यात अनुमानाची भर घालतात, सांख्य शब्दप्रमाणाची, म्हणजे विश्वसनीय वचनाची, आणि नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, उपमानाची (साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाची). वेदाला प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांपैकी प्राभाकर पंथाचे पाचांवर जातात, तर भाट्ट पंथाचे आणि अद्वैती सहा मानतात. वेदवचन पुढे केले की बौद्धाच्या दृष्टीने काहीच सिद्ध झालेले नसते; मीमांसकाच्या दृष्टीने मात्र तेथे विषय संपलेला असतो. बरे, कोणती प्रमाणे खरी हे ठरवायचे तरी कशाने? प्रमाणानेच ठरवायचे तर ते वर्तुळ होते, आणि वेगळ्या प्रमाणाने ठरवायचे तर त्याला आणखी एक लागते. बौद्ध आचार्य नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनीत हा आक्षेप नैयायिकांवर उलटवला. ग्रीक संशयवादी सेक्स्टस एम्पिरिकसनेही सत्याच्या निकषाबाबत हाच पेच मांडला आहे.

बौद्ध तार्किक दिङ्नागाने अनुमानासाठी अट घातली की हेतू (ज्याच्या आधारे अनुमान होते ती खूण) आणि दृष्टांत उभय पक्षांना मान्य हवेत. ही अट रास्त आहे, पण तिने दरी किती खोल आहे तेच उघड केले. सहाव्या शतकात भावविवेकाने आग्रह धरला की नागार्जुनाच्या परंपरेतल्या माध्यमिकानेही स्वतंत्र अनुमान मांडून शून्यता, म्हणजे वस्तूंना स्वतःचा स्वभाव नसणे, सिद्ध करावी. सातव्या शतकात माध्यमिकच असलेल्या चंद्रकीर्तीने त्याला विरोध केला. वस्तू स्वभावतः सत् आहे असे पाहणारा आणि ती निःस्वभाव आहे असे पाहणारा, या दोघांना मान्य असलेला धर्मीच, म्हणजे अनुमानाचा विषयच, मिळत नाही; मग अनुमान उभे कशावर करायचे? म्हणून प्रतिपक्षाच्याच गृहीतांतून त्याची अडचण दाखवावी, एवढेच त्याच्या मते शक्य आहे. या साऱ्या चर्चेत अडचणीचे याहून नेमके निदान क्वचितच सापडेल.

बाराव्या शतकात अद्वैती श्रीहर्षाने खंडनखंडखाद्याच्या प्रारंभीच या प्रश्नाला वेगळे वळण दिले. वादात उतरणाऱ्याने प्रमाणे सत् मानलीच पाहिजेत, असे नैयायिक म्हणत. श्रीहर्षाचे उत्तर असे, की चर्चेचे नियम पाळण्याचा करार पुरेसा आहे. त्या नियमांमागे कोणते सत्य आहे यावर एकमत लागत नाही. पराभव ठरवण्यापुरते हे उत्तर पटते. मात्र कराराने ठरलेला विजय म्हणजे सत्याचा निर्णय नव्हे, ही शंका त्यानंतरही शिल्लक राहते.

अनुभव आणि अधिकार

तर्काने परमसत्य मिळत नाही, हे विधान कठोपनिषदापासून आढळते. ब्रह्मसूत्र २·१·११ वरील भाष्यात शंकराचार्य त्याला युक्तीची जोड देतात. एका हुशार तार्किकाचे अनुमान दुसरा अधिक हुशार तार्किक मोडून काढतो. आणि होऊन गेलेले, असलेले व होणारे सर्व तार्किक एका जागी एका वेळी जमवून त्यांचे एकमत घेता येत नाही. याच चर्चेत ते पूर्वपक्षाचा एक आक्षेपही नोंदवतात, की तर्क डळमळीत आहे हेही तर्कानेच ठरवले जाते. प्रतिपक्षाची सर्वात धारदार ओळ अशी स्वतःच्या ग्रंथात मांडणे, हा पूर्वपक्षाच्या पद्धतीचा मोठा गुण होय.

तर्क बाजूला ठेवून अनुभवाकडे वळावे, तर तेथेही साक्षीदारांत फाटाफूट दिसते. बौद्ध आचार्य शांतरक्षिताच्या तत्त्वसंग्रहात मीमांसकांचा एक प्रश्न नोंदवला आहे. बुद्ध सर्वज्ञ असेल तर सांख्यांचा आद्य आचार्य कपिल नाही याला प्रमाण काय, आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यात मतभेद का? सर्वज्ञाला ओळखण्यासाठी ओळखणाराही सर्वज्ञच लागेल, असे मीमांसक कुमारिल बजावतो. बौद्धांनी योगिप्रत्यक्ष (योग्याला ध्यानात होणारे दर्शन) हे प्रत्यक्षाचाच एक प्रकार म्हणून मांडले, पण मीमांसकांनी ते मानले नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १९०२ मध्ये या बाबतीत मधली भूमिका घेतली. गूढानुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो प्रमाण ठरतो. इतरांवर मात्र तो निमूटपणे मानण्याचे बंधन नाही. ही वाटणी न्याय्य वाटते, पण तिने दोघांना आपापल्या जागी बसवले, एवढेच झाले. सर्व परंपरांतील अनुभव मुळात एकच आहे, या मताला स्टीव्हन काट्झने १९७८ मध्ये आव्हान दिले. साधकाची परंपरा त्याच्या अनुभवालाही घडवते, असे त्याचे म्हणणे होते. रॉबर्ट फॉर्मनने १९९० मध्ये विषयरहित जाणिवेचा दाखला देऊन त्याचा प्रतिवाद केला.

साम्ये येथील वाद

बोधीवरच झालेल्या वादाचे प्रसिद्ध उदाहरण तिबेटातले आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस राजा त्रिसोंग देचेन याच्या काळात भारतीय आचार्य कमलशील आणि चिनी ध्यानगुरू मोहेयान यांच्यात साम्ये विहाराच्या संदर्भात हा वाद झाला. चांगला असो वा वाईट, प्रत्येक विचार बंधनच आहे आणि विचार थांबला की बोधी एकदम होते, हा मोहेयानचा पक्ष. कमलशीलाच्या मते ती क्रमाने येते आणि विवेचक प्रज्ञेवाचून येतच नाही. नुसते मनन बंद पडणे हीच निर्विकल्पता असेल तर मूर्च्छित माणूसही तिच्यात शिरला म्हणायचा, असे त्याने भावनाक्रमात लिहिले. मोहेयानची स्थिती मुळातच अवघड होती. विचार हाच अडथळा मानणाऱ्याने विचार मांडून जिंकायचे तरी कसे! तिबेटी इतिहासग्रंथ कमलशील जिंकला असे सांगतात. चीनमधील दुनहुआंग येथे सापडलेला चिनी वृत्तांत मात्र मोहेयानच्या मताला राजाची मान्यता मिळाली असे सांगतो. पॉल दमिएव्हिलने १९५२ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद व अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून वाद समोरासमोर झाला की लेखी प्रश्नोत्तरांतून, याचीही चर्चा चालू आहे. जेथे निर्णय झाला असे दोन्ही पक्ष म्हणतात, तेथे निर्णय कोणता यावरच मतभेद आहे.

समन्वयाचे प्रयत्न

जैनांनी मतभेदालाच सिद्धांतात जागा दिली. प्रत्येक नय, म्हणजे पाहण्याची एक बाजू, सत्याचा एक अंश सांगतो. इतरांना नाकारू लागला की तो दुर्नय होतो. अनेकांत (सत्याला अनेक बाजू असतात हे मत) हा स्वतः एकांत (एकच बाजू खरी मानणे) नाही का, हा उघड प्रश्न जैन आचार्य समंतभद्राने टाळला नाही. अनेकांतही अनेकांतच, असे त्याचे उत्तर आहे. शंकराचार्यांना हे पटले नाही. सगळेच अनिश्चित असेल तर उपदेश कोणता आणि तो पाळायचा कसा, असे ते विचारतात. परदर्शन अपुरे आहे, असे ठरवणाराही आपल्याच दर्शनात उभा राहून ते ठरवतो.

हाच पेच ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणात काव्यरूपाने आला आहे. सहा दर्शने हे गणेशाचे सहा हात आहेत आणि त्यांच्यात विसंवाद असल्यामुळे प्रत्येक हाती वेगळे आयुध आहे. तर्क हा परशू आहे. भांडणारे हात एकाच देहाचे आहेत, ही कल्पना उदार खरी, परंतु त्याच रूपकात बौद्ध मत हा खंडित दात आहे. कोणताही समन्वय कोणाला तरी बाहेर ठेवूनच पुरा होतो असे दिसते. अनुभवामृतात ज्ञानेश्वर आणखी पुढे जातात. शब्दाचे काम आठवण करून देण्याचे. स्वयंप्रकाश आत्म्याला विस्मरणच नाही, तेव्हा शब्द तेथे निरुपयोगी ठरतो. हे सारे अर्थात शब्दांतच आणि तर्कशुद्ध रीतीने मांडले आहे.

आधुनिक तत्त्वज्ञानात रॉबर्ट फोगेलिनने १९८५ मध्ये ‘खोल मतभेद’ ही संकल्पना मांडली. ज्या चौकटीत युक्तिवाद चालतो तिच्यावरच मतभेद असेल तर युक्तिवादाने तो मिटवता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष. त्यावर अनेकांनी आक्षेप घेतले आहेत.

वादाचा परिणाम

भारतीय इतिहास पाहता फोगेलिनचा निष्कर्ष अर्धाच लागू पडतो. नैयायिक आणि बौद्ध यांच्या दीर्घ वादात कोणीही शरण गेले नाही. तरी दिङ्नागाला उत्तर देताना नैयायिक उद्योतकराला न्यायाची हेतूविषयक मांडणी बदलावी लागली. पुढे बौद्ध धर्मकीर्तीने उद्योतकरावर, नैयायिक वाचस्पतिमिश्राने धर्मकीर्तीवर आणि नैयायिक उदयनाने बौद्ध ज्ञानश्रीमित्रावर टीका करत लिहिले. श्रीहर्षाच्या खंडनांना नैयायिक गंगेशाने तत्त्वचिंतामणीत उत्तरे दिली आणि त्यातून नव्यन्यायाची, म्हणजे न्यायाच्या नव्या शाखेची, काटेकोर परिभाषा पक्की झाली. ती परिभाषा मग प्रतिपक्षांनीही उचलली. सोळाव्या शतकात द्वैती व्यासतीर्थांनी न्यायामृतात तीच वापरून अद्वैतावर हल्ला चढवला आणि मधुसूदन सरस्वतींनी तीच वापरून अद्वैतसिद्धीत त्यांचे मुद्दे एकेक करून खोडून काढले. द्वैतपक्षाकडून रामाचार्यांच्या तरंगिणीने त्याला उत्तर दिले, तिला अद्वैती ब्रह्मानंदांनी.