टेनिसमधील सर्वश्रेष्ठ पुरुष खेळाडू

टेनिसच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ पुरुष खेळाडू कोण, हा चाहते, समालोचक आणि माजी खेळाडू यांच्यात सतत चालणारा वाद आहे. हा किताब कोणतीही संस्था देत नाही. दर आठवड्याला जागतिक क्रमवारी निघते, पण ‘आजवरचा सर्वांत मोठा’ ठरवण्याचा अधिकृत मार्ग नाही. हल्ली ही चर्चा नोव्हाक जोकोविच (२४ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे), राफाएल नदाल (२२) आणि रॉजर फेडरर (२०) या तिघांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ती तिथे संपू नये. ज्या मापाने हे तिघे मोजले जातात, ते माप त्यांच्या आधीच्या बहुतेक थोर खेळाडूंना लावताच येत नाही.

मापाचा इतिहास

ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार ‘ग्रँड स्लॅम’ स्पर्धांतल्या विजेतेपदांची बेरीज म्हणजे थोरवी, हा हिशेब तसा अलीकडचा आहे. १९२०च्या दशकावर सत्ता गाजवणाऱ्या बिल टिल्डनने अमेरिकन स्पर्धा ७ वेळा आणि विम्बल्डन ३ वेळा जिंकली. ऑस्ट्रेलियन स्पर्धेत तो कधी खेळलाच नाही. तिकडे बोटीने जाऊन येण्यात महिने मोडत. त्या काळी देशादेशांच्या संघांत होणाऱ्या डेव्हिस चषकाचे मोल फार मोठे होते आणि टिल्डनच्या अमेरिकेने तो १९२० ते १९२६ सलग ७ वेळा जिंकला. चारही स्पर्धा एकाच वर्षी जिंकण्याची, म्हणजे खऱ्या अर्थाने ‘ग्रँड स्लॅम’ची कामगिरी डॉन बजने १९३८ मध्ये पहिल्यांदा केली.

पुढेही अनेक वर्षे खेळाडू मोठ्या स्पर्धा सहज सोडून देत. स्वीडनचा ब्यॉन बोर्ग ऑस्ट्रेलियन ओपन आयुष्यात एकदाच, १९७४ मध्ये खेळला. त्याच वर्षी जिमी कॉनर्सने फ्रेंच सोडून उरलेल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या, पण अमेरिकेतल्या सांघिक लीगशी करार केल्यामुळे फ्रेंच ओपनने त्याला प्रवेशच नाकारला होता. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन मेलबर्नमधल्याच कूयाँगच्या हिरवळीवरून नव्या हार्ड कोर्टवर गेली, आणि तेव्हापासून चारही स्पर्धांना सारखे वजन आले. रॉय इमर्सनचा १२ विजेतेपदांचा विक्रम पीट सॅम्प्रासने २००० मध्ये विम्बल्डनला मोडला. बेरजेची ही भाषा घराघरांत रुळली ती साधारण त्या पाठलागात.

हौशी आणि व्यावसायिक: दुभंगलेली वर्षे

या वादातली सर्वांत मोठी अडचण १९६८च्या आधीची आहे. एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडच्या बोर्नमथला पहिली ‘खुली’ स्पर्धा झाली. तोवर चारही मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळून उघडपणे पैसे घेणाऱ्याला तिथे दार बंद. हौशी म्हणवणाऱ्यांनाही प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे मिळत आणि हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी नियम नियमच राहिला. परिणाम असा, की विम्बल्डन किंवा अमेरिकन स्पर्धा जिंकून नाव झालेला खेळाडू व्यावसायिक करारावर सही करी आणि त्याच क्षणी विक्रमांच्या यादीतून नाहीसा होई. बज, फ्रेड पेरी, जॅक क्रेमर, ल्यू होड, सगळे याच वाटेने गेले. व्यावसायिक मंडळी गावोगावी फिरत, एका रात्रीत लाकडी किंवा कापडी कोर्ट अंथरून सामने खेळत आणि सकाळी पुढच्या गावाला निघत.

या व्यवस्थेने सर्वाधिक अन्याय कोणावर केला असेल तर तो पांचो गोन्झालेसवर. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातला हा उंच, तापट खेळाडू १९४८ आणि १९४९ची अमेरिकन स्पर्धा जिंकून एकविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. क्रेमरविरुद्धच्या पहिल्या दौऱ्यात तो ९६-२७ असा हरला. त्यातून सावरून १९५०च्या दशकाचा बराच काळ तोच जगातला सर्वोत्तम खेळाडू मानला गेला, अमेरिकन व्यावसायिक स्पर्धा त्याने ८ वेळा जिंकली. आजच्या कोष्टकात मात्र त्याच्या नावापुढे २ हा आकडा दिसतो. स्पर्धा खुल्या झाल्या तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. १९६९ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत, ४१व्या वर्षी, त्याने चार्ली पासारेलला २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९ असे हरवले. ११२ गेम आणि ५ तास १२ मिनिटे चाललेली ती लढत दोन दिवसांत संपली. बरोबरीत अडकलेल्या सेटचा निकाल लावणारा टायब्रेक तेव्हा नव्हता. ज्या खेळाडूची उमेदीची वर्षे त्या मैदानापासून तोडली गेली, त्याने तिथे काय केले असते याची थोडी तरी कल्पना त्या सामन्यावरून येते.

केन रोझवॉलची गोष्ट वेगळ्या प्रकारे तितकीच विलक्षण आहे. त्याने पहिले मोठे विजेतेपद १९५३ मध्ये मिळवले आणि शेवटचे १९७२ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी. मधली अकरा वर्षे तो व्यावसायिक असल्यामुळे बाहेर होता. विम्बल्डनची अंतिम फेरी त्याने १९५४, १९५६, १९७० आणि १९७४ अशी चार वेळा गाठली आणि चारही वेळा हरला.

रॉड लेव्हर

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात रॉकहॅम्प्टनला १९३८ मध्ये जन्मलेला रॉड लेव्हर हा चारही स्पर्धा एका वर्षात दोनदा जिंकणारा एकमेव पुरुष. १९६२ मध्ये तो हौशी होता. त्या वर्षी चारपैकी तीन अंतिम सामन्यांत त्याने इमर्सनला हरवले. मग तो व्यावसायिक झाला. तिथे होड आणि रोझवॉल यांनी त्याला सुरुवातीला सपाटून हरवले, यावरून १९६२च्या हौशी टेनिसची खरी पातळी कळते, आणि लेव्हरने ते पुढे कधी लपवलेही नाही. दोन वर्षांत तो त्या मंडळींच्याही वर पोहोचला. १९६९ मध्ये, आता सर्वांसाठी खुल्या असलेल्या स्पर्धांत, त्याने चारही विजेतेपदे पुन्हा जिंकली. ही दुसरी फेरी पहिलीपेक्षा कितीतरी मोलाची.

मधल्या काळात त्याला २१ ग्रँड स्लॅम स्पर्धांना मुकावे लागले. त्याच्या खात्यावर ११ विजेतेपदे आहेत. इमर्सनच्या १२ पैकी १० विजेतेपदे १९६३ ते १९६७ मधली, म्हणजे लेव्हर बाहेर असतानाची आहेत. इमर्सन उत्तम खेळाडू होता, त्यात शंका नाही. पण ११ आणि १२ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे लेव्हरवर अन्याय आहे. लेव्हरच्या बाजूने न जाणारी गोष्टही नोंदवायला हवी: त्याच्या काळी चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत, त्यामुळे आजच्यासारखी तीन वेगळ्या पृष्ठभागांची कसोटी त्याला द्यावी लागली नाही.

भारतीय वाचकांना हा काळ आणखी एका कारणाने जवळचा आहे. १९६१च्या विम्बल्डनमध्ये मद्रासच्या रामनाथन कृष्णन यांनी उपांत्यपूर्व फेरीत इमर्सनला सरळ सेटमध्ये हरवले आणि उपांत्य फेरीत ते लेव्हरकडून हरले. व्यावसायिक होण्याचा, आता दौऱ्यांचा आयोजक झालेल्या क्रेमरचा प्रस्ताव कृष्णन यांनी नाकारला होता. भारतासाठी डेव्हिस चषक खेळता यावा म्हणून ते हौशीच राहिले.

बोर्ग ते सॅम्प्रास

ऑगस्ट १९७३ मध्ये संगणकीय क्रमवारी आली आणि ‘अव्वल स्थानावरचे आठवडे’ हे नवे माप हाती आले. लेव्हरचा बहर तोवर ओसरला होता, म्हणून तेही त्याला लागू पडत नाही. बोर्गने १९७८ ते १९८० सलग तीन वर्षे फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकल्या. लाल मातीवरच्या लांबलचक फटकेबाजीतून अवघ्या दोन आठवड्यांत घसरत्या, वेगवान हिरवळीवर उतरायचे, हे तेव्हा दुसऱ्या कोणालाच जमत नव्हते. अमेरिकन ओपनची अंतिम फेरी मात्र तो चार वेळा हरला आणि २६व्या वर्षी निवृत्त झाला. जॉन मॅकेन्रोचे १९८४ हे वर्ष (८२ विजय, ३ पराभव), कॉनर्सची १०९ विजेतेपदे आणि इव्हान लेंडलच्या अमेरिकन ओपनमधल्या सलग ८ अंतिम फेऱ्या यांचा उल्लेख या चर्चेत नेहमी येतो. सॅम्प्रासची सर्व्हिस, विशेषतः दुसरी सर्व्हिस, अनेक जाणकार आजही सर्वोत्तम मानतात. त्याने ७ वेळा विम्बल्डन जिंकले, १९९३ ते १९९८ सलग सहा वर्षे वर्षअखेर अव्वल राहिला, पण पॅरिसला अंतिम फेरीही गाठू शकला नाही. त्याचाच प्रतिस्पर्धी आंद्रे अगासी याने चारही स्पर्धा आणि ऑलिंपिक सुवर्ण मिळवले.

तिघांचा काळ

फेडररचे पहिले विजेतेपद (विम्बल्डन २००३) ते जोकोविचचे चोविसावे (अमेरिकन ओपन २०२३) या वीस वर्षांत तिघांनी मिळून ६६ विजेतेपदे जिंकली. यामागे प्रतिभा आहेच, पण परिस्थितीही आहे. २००१ पासून विम्बल्डनला पूर्णपणे राय गवत पेरले जाऊ लागले. चेंडू अधिक उंच उसळू लागला आणि बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, खेळणाऱ्याला तिथे राज्य करता येऊ लागले. नव्या पॉलिएस्टर तारांनी चेंडूला प्रचंड फिरकी देता येऊ लागली. त्यामुळे सर्व पृष्ठभागांवर एकच शैली चालू शकली.

फेडररचा दावा त्याच्या सहजतेवर आणि सातत्यावर उभा आहे: सलग २३ ग्रँड स्लॅम उपांत्य फेऱ्या, सलग २३७ आठवडे अव्वल स्थान. नदालने फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकली, तिथे तो ११२ सामने जिंकला आणि फक्त ४ हरला. कोणत्याही मोठ्या स्पर्धेवर एका माणसाची अशी पकड कधी बसलेली नाही. मात्र त्याच्या २२ पैकी उरलेली ८ विजेतेपदे तीन स्पर्धांत विभागलेली आहेत, आणि टीकाकार नेमके तेच दाखवतात.

खुल्या युगापुरते बोलायचे तर जोकोविचचे पारडे जड आहे, हे मान्य करावे लागते. प्रत्येक ग्रँड स्लॅम किमान तीनदा जिंकणारा तो एकमेव पुरुष. अव्वल स्थानावर ४२८ आठवडे, फेडररविरुद्ध २७-२३, नदालविरुद्ध ३१-२९. २४ पैकी निम्मी विजेतेपदे त्याने तिशीनंतर मिळवली आणि २०२४ मध्ये, ३७व्या वर्षी, पॅरिसला ऑलिंपिक सुवर्णही जिंकले. हे पारडे किती थोडक्यात झुकले, ते २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात दिसते. फेडररने एकूण २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ वर स्वतःच्या सर्व्हिसवर फेडररकडे विजेतेपदाचे दोन गुण होते. तरी चषक जोकोविचने नेला. त्यांतला एक गुण जरी फेडररला मिळाला असता तरी क्रमवारीचे आठवडे आणि आमनेसामनेची आकडेवारी जोकोविचकडेच राहिली असती, पण वाद आज आहे त्याहून बराच खुला राहिला असता.

एक गोष्ट मात्र या तिघांपैकी कोणालाही साधली नाही. २०२१ मध्ये जोकोविचने मेलबर्न, पॅरिस आणि विम्बल्डन जिंकले आणि १२ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये तो चौथ्या विजेतेपदापासून एका सामन्यावर होता. समोर डॅनिल मेदवेदेव होता. प्रेक्षकांत ८३ वर्षांचा रॉड लेव्हर बसला होता. मेदवेदेवने ६-४, ६-४, ६-४ असा सामना जिंकला. शेवटच्या गेमआधी खुर्चीवर बसलेला जोकोविच टॉवेलमध्ये तोंड लपवून रडत होता.